राणी निवडता येते, नर नाही

ग्रेगोर मेंडेल म्हटले की वाटाणा आठवतो. ब्रनोच्या मठात याच माणसाने मधमाश्याही पाळल्या होत्या आणि वेगवेगळ्या जातींच्या माश्यांचा संकर घडवण्याचा खटाटोपही केला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. वाटाण्यात जे साधले ते त्याला माश्यांत साधले नाही. वाटाण्याच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने खुडता येतात आणि हव्या त्या झाडाचा पराग कुंचल्याने लावता येतो. राणी माशीचे मीलन मात्र उघड्या आभाळात होते. बंदिस्त जागेत राणी आणि नर एकत्र येतच नाहीत, त्यामुळे पुढच्या पिढीचा बाप कोण, हे मेंडेलला कधी कळलेच नाही.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत माशी सुधारण्याचे जेवढे प्रयत्न झाले ते सगळे या एका अडचणीभोवती फिरत आले आहेत. गायी-म्हशींत एखाद्या शेतकऱ्याला आपल्या गोठ्यापुरती पैदास सुधारता येते. मधमाशीत तसे होत नाही. आसपासच्या सगळ्या पेट्या, रानातली मोहोळे, पाऊस आणि फुलोरा हे सगळे त्या कामात न विचारता भागीदार होतात.

आभाळातले लग्न

कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठवड्याभरात तरुण राणी उडायला लागते. नरांच्या जमण्याच्या ठरावीक जागा असतात. जमिनीपासून दहा ते चाळीस मीटर उंचीवर, आसपासच्या अनेक वसाहतींतले हजारो नर तिथे घिरट्या घालत असतात. गंमत अशी की एकही नर पुढचा हंगाम पाहत नाही, तरी वर्षानुवर्षे जमण्याची जागा तीच राहते. तिथे राणी एका पाठोपाठ डझनभर, कधी त्याहून जास्त नरांशी मीलन करते. आपल्या सातेरीच्या, म्हणजे इथल्या देशी माशीच्या, राण्यांत ही संख्या युरोपीय माशीपेक्षाही मोठी असते. नर तिथेच मरतो. राणी त्या सगळ्यांचे मिळून पन्नास-साठ लाख शुक्राणू पोटातल्या एका इवल्याशा पिशवीत साठवते आणि त्यांवर पुढची दोन-तीन वर्षे अंडी घालत राहते.

म्हणजे एका पेटीतल्या कामकरी माश्यांची आई एक असली तरी बाप डझनभर असतात. काहींचा बाप शांत वसाहतीतला, काहींचा तापट. आज पेटी उघडताना माश्या अंगावर आल्या, तर त्याला जबाबदार असलेला नर कदाचित दोन डोंगर पलीकडच्या मोहोळातला असेल.

नराची गोष्ट तर आणखी वेगळी. सिलेशियातला धर्मगुरू यान जेर्झोन याने १८४५ मध्ये मांडले की नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला आजोबा असतो, बाप नसतो. पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. चांगल्या राणीच्या मुली परक्या नरांमुळे सरमिसळ होतात, पण तिचे मुलगे शंभर टक्के तिचेच असतात. ती राणी कोणाशीही मीलन करून आली असली तरी तिचे नर तिचेच गुण परिसरात पसरवतात. त्यामुळे जाणकार मधपाळ राण्यांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, लक्ष नरांकडे देतात. आपल्याकडे मात्र नर म्हणजे आयते खाणारे अशी समजूत असल्याने त्यांची घरे दिसली की सुरीने कापून टाकायची सवय असते.

जवळच्या नात्याची शिक्षा

निसर्गाने राणीला इतक्या नरांकडे का धाडावे? एक कारण लिंग ठरवणाऱ्या जनुकात आहे. या जनुकाचे अनेक प्रकार असतात. आईकडून आणि बापाकडून दोन वेगळे प्रकार आले तर मादी होते. दोन्ही सारखे आले तर फलन झालेल्या अंड्यातूनही नर होतो, आणि असा नर निरुपयोगी असतो. पोलंडच्या येझी वोइके यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की असल्या अळ्या अंड्यातून बाहेर पडताच कामकरी माश्या त्यांना खाऊन टाकतात.

पेटीत हे डोळ्यांना दिसते. राणी तरुण, अंडी भरपूर, पण पोळ्यावर झाकलेल्या घरांमध्ये जागोजागी रिकामी भोके. तिथल्या अळ्या रोगाने मेलेल्या नसतात, नात्याने मेलेल्या असतात. दोन-चार उत्तम राण्यांपासूनच सगळी पैदास करायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याच्या वाट्याला काही पिढ्यांत ही भोके येतात. एका उत्तम वळूपासून हजारो गायी फळवता येतात. माशीत असे केले तर वसाहतीत माश्याच कमी पडतात, मग मध कोण आणणार?

नरांवर ताबा

यावर माणसाने तीन वाटा काढल्या. पहिली एकांताची. उत्तर समुद्रातल्या नॉर्डरनायसारख्या बेटांवर फक्त निवडक नरांच्या वसाहती ठेवायच्या आणि तरुण राण्या तिथे मीलनासाठी पाठवायच्या, ही जर्मनीतली जुनी पद्धत. दुसरी वाट यंत्राची. अमेरिकेत १९२० च्या दशकात लॉइड वॉटसनने राणीचे कृत्रिम रेतन करून दाखवले आणि १९४० च्या दशकात कार्बन डायऑक्साइडने राणीला गुंगी देण्याची युक्ती सापडल्यावर ते भरवशाचे झाले. सूक्ष्मदर्शकाखाली, मायक्रोलिटरमध्ये मोजण्याएवढे वीर्य सुईने सोडायचे. हात स्थिर हवा. तिसरी वाट सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरलेली: परिसरात आपल्या पसंतीचे नर इतके वाढवायचे की आभाळात त्यांचीच गर्दी व्हावी. मात्र त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलावे लागते.

ताबा मिळाला की निवड किती लवकर रंग दाखवते, याचे एक नमुनेदार उदाहरण १९६० च्या दशकातले आहे. नाय आणि मॅकन्सन या संशोधकांनी अमेरिकेत लसूणघासाचा पराग आवडीने गोळा करणाऱ्या आणि न करणाऱ्या माश्यांच्या दोन वेगळ्या ओळी निवडत नेल्या. काही पिढ्यांतच दोन्हींच्या आवडीत ठळक फरक पडला. माशी कोणत्या फुलावर जाते यासारखी गोष्टही रक्तात असते आणि ती निवडता येते. जर्मनीत हॉहेन नॉयनडॉर्फच्या संस्थेत तर १९९० च्या दशकापासून राण्यांच्या वंशावळी आणि नोंदी संगणकात घालून प्रत्येकीचे पैदास-मूल्य काढतात, दुभत्या जनावरांसारखेच.

बकफास्टच्या मठातला मधपाळ

पैदासीच्या इतिहासात एका माणसाचे नाव टाळता येत नाही. कार्ल केर्ले हा जर्मन मुलगा १९१० मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमधल्या बकफास्ट मठात आला आणि पुढे ब्रदर अ‍ॅडम म्हणून जगभर ओळखला गेला. त्या काळी ‘आइल ऑफ वाइट’ नावाच्या रोगाने ब्रिटनमधल्या माश्या मरत होत्या. १९१६ मध्ये मठातल्या ४६ वसाहतींपैकी ३० गेल्या. ज्या वाचल्या त्या इटालियन रक्ताच्या होत्या; इंग्लंडची जुनी काळी माशी जवळजवळ साफ झाली होती.

अ‍ॅडमने त्या वाचलेल्यांपासून सुरुवात केली. १९२५ मध्ये डार्टमूरच्या ओसाड माळावर, जिथे दुसऱ्या कोणाच्या पेट्या नव्हत्या, तिथे त्याने मीलनाचे ठिकाण थाटले. पुढे १९५० पासून तो युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत राण्या शोधत हिंडला. कुठून शांतपणा, कुठून कडक हिवाळा काढण्याची ताकद, असे गुण त्याने जोडत नेले. यातून घडलेली बकफास्ट माशी आज अनेक देशांत पाळली जाते. अ‍ॅडम १९९६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला.

त्याच्या यशाबद्दल शंका नाही. पण ते यश कशावर उभे होते हेही पाहायला हवे. सात-आठ दशकांचे एकाच माणसाचे लक्ष, मठाचा आधार आणि परके नर नसलेला एक माळ. हे तिन्ही ज्याच्याकडे नाही त्याने बकफास्टची राणी विकत आणली तर पहिले वर्ष छान जाते. तिची मुलगी गावातल्या नरांशी मीलन करून आली, की पुढच्या पिढीत स्वभाव बिघडतो, अशी तक्रार युरोपातले मधपाळ कायम करतात. मग पुन्हा राणी विकत घ्या. विकणाऱ्याचे यात बरेच भले होते.

लांदची माशी आणि तिचे पंचांग

आता नाण्याची दुसरी बाजू. माणसाने हात न लावताही निवड चालूच असते, आणि ती किती बारीक असू शकते हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद भागात दिसले. तिथल्या रेताड माळावर हेदर नावाचे झुडूप उन्हाळ्याच्या शेवटी फुलते. फ्रान्सच्या इतर भागांत माश्या वसंतात वाढतात आणि ऑगस्टमध्ये आवरते घेतात. लांदची माशी वसंतात वाढते, मधे थोडी ओसरते आणि हेदरच्या तोंडावर पुन्हा अंडी वाढवते. वर्षात दोन भरत्या.

हे तिथल्या फुलोऱ्यामुळे होते की माशीच्या रक्तामुळे? जां लुवो यांनी १९६० च्या दशकात वसाहतींची अदलाबदल करून पाहिली. लांदची माशी पॅरिसजवळ नेली, पॅरिसची लांदला. लांदच्या माशीने पॅरिसजवळ, जिथे हेदर नाही तिथेही, उन्हाळ्याच्या शेवटी अंडी वाढवली आणि त्या पिलावळीला भरवायला तिथे फारसे काही नव्हते. पॅरिसच्या माशीला लांदमध्ये हेदरचा मध धड साधता आला नाही, कारण फुले आली तेव्हा तिच्याकडे माश्याच कमी. पुढे २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा मोजले तेव्हा लांदच्या माशीत ती दुसरी भरती शिल्लक होती.

स्थानिकपणा म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. माशीचा रंग, पंखाच्या शिरा, जिभेची लांबी यावर जाती ठरवणारे खूप लिहितात. पण जगण्या-मरण्याचा प्रश्न तारखांचा असतो. अंडी कधी वाढवायची, कधी थांबवायची, साठा कधी जपायचा.

५९७ वसाहतींची परीक्षा

‘स्थानिक माशी चांगली’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. अभिमान म्हणून ते ठीक आहे, पण कोणी मोजले का? मोजले. युरोपातल्या संशोधकांनी ऑक्टोबर २००९ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. पाच उपजातींतले १६ वेगवेगळे वंश, २० ठिकाणच्या मधुवाटिका, एकूण ५९७ वसाहती. प्रत्येक ठिकाणी एक स्थानिक वंश आणि बाकीचे बाहेरचे. रोगावर औषध द्यायचे नाही. २०१२ च्या वसंतापर्यंत कोण टिकते ते पाहायचे.

शेवटी जेमतेम १५.७ टक्के वसाहती उरल्या. सगळ्यात मोठे कारण व्हरोआ हा परजीवी कोळी, नंतर राणीच्या अडचणी, मग नोसेमा हा आतड्याचा रोग. या पडझडीत स्थानिक राणी असलेल्या वसाहती सरासरीने ८३ दिवस जास्त जगल्या.

८३ दिवस ऐकायला किरकोळ वाटतात. पण हिवाळा काढून फुलोऱ्यापर्यंत पोचणे आणि वाटेत मरणे यांत कित्येकदा तेवढेच अंतर असते. मात्र या निकालाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. वसाहत किती जगेल यावर सर्वात जास्त प्रभाव होता तो जागेचा, म्हणजे हवामान, चारा आणि सांभाळणारा माणूस यांचा. वंशाचा प्रभाव त्याच्या मागून. आणि एकच वंश सगळीकडे अव्वल ठरला, असे कुठेही झाले नाही. एखाद्या जाहिरातीत ‘सर्वोत्तम माशी’ असे वाचले की पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा विचारायला हरकत नाही.

व्हरोआ आणि दोन प्रकारची निवड

व्हरोआची गोष्ट आपल्याकडूनच सुरू होते. हा कोळी मुळात आशियातल्या सेराना माशीचा, म्हणजे सातेरीच्या जातकुळीचा परजीवी. हजारो वर्षांच्या सहवासात सेरानाने त्याच्याशी जुळवून घेतले. त्याची वीण जवळजवळ फक्त नरांच्या घरांत होते, कामकरी माशीची बाधित अळी मरते किंवा काढून टाकली जाते, आणि माश्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी ओढून काढतात. विसाव्या शतकात माणसाने युरोपीय मेलिफेरा माशी आशियात नेली, कोळ्याने घर बदलले, आणि १९७० च्या दशकात तो युरोपात, १९८७ मध्ये अमेरिकेत पोचला. मेलिफेराला हा शत्रू नवा होता. औषध न दिलेली वसाहत दोन-तीन वर्षांत संपायची.

यावर माणसाने निवडीचा मार्ग धरला. १९६४ मध्ये वॉल्टर रोथेनब्यूलरने दाखवले होते की काही वसाहती रोगट अळीच्या घरावरचे झाकण उघडून तिला बाहेर फेकतात आणि ही सवय वारशाने येते. मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक यांनी ती सवय मोजायची सोपी चाचणी रुळवली. झाकलेल्या घरांचा एक गोल द्रवरूप नायट्रोजनने गोठवायचा आणि किती कोष किती वेळात उपसले जातात ते मोजायचे. जी वसाहत एका दिवसात जवळपास सगळे साफ करते, तिच्यापासून राण्या काढायच्या. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळांनी पुढे नेमक्या व्हरोआ लागलेल्या घरांचाच वास ओळखणाऱ्या ओळी तयार केल्या.

दुसरा मार्ग निष्ठुर होता. स्वीडनच्या गोटलंड बेटाच्या एका टोकाला इंगेमार फ्रीस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १५० वसाहती ठेवल्या, त्यांना व्हरोआ लावला आणि सोडून दिल्या. औषध नाही, थवे बाहेर पडले तर पडू द्यायचे. पहिल्या काही हिवाळ्यांत बहुतेक मेल्या. उरलेल्या थोड्या मात्र टिकल्या, आणि त्यांच्यात कोळ्याची वीणच मंदावलेली आढळली. कोणीही कुठला गुण निवडला नव्हता, मरण निवडत होते.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या आर्नॉट जंगलाची कथा या दोन्हींना थोडा खो घालते. थॉमस सीली यांनी तिथली झाडांच्या ढोलीतली मोहोळे १९७८ मध्ये मोजली होती. मधल्या काळात व्हरोआ आला, तेव्हा जंगली माश्या संपल्या असतील असे सगळ्यांनी गृहीत धरले. २००२ मध्ये सीली पुन्हा गेले, तर मोहोळे तेवढीच. संग्रहात जपलेल्या जुन्या माश्यांचे आणि नव्यांचे डीएनए तपासल्यावर कळले की मधे माश्यांची संख्या कोसळली होती आणि उरलेल्यांपासून नवी वाढ झाली होती. म्हणजे निवड झाली होती. पण सीलींनी जंगलातल्या वसाहती नेहमीच्या पेट्यांत बसवून बाजारातल्या माश्यांशेजारी ठेवल्या, तेव्हा व्हरोआ दोन्हींत सारखाच वाढला. जंगलात ढोली लहान असते, वसाहत वारंवार थवे सोडते, शेजारची वसाहत किलोमीटरभर लांब असते. कोळ्याला पसरायला वाव नसतो. माश्यांना पेटीत आणता आले, रान मागेच राहिले.

ब्राझील आणि पोर्तो रिको

थोडक्यात हेही सांगायला हवे. वॉरविक केर या ब्राझिली शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये आफ्रिकेतून राण्या आणल्या, कारण युरोपीय माशी उष्ण प्रदेशात मध देत नव्हती. विचार योग्य होता. जागेला जुळणारी माशी हवी. १९५७ मध्ये साओ पाउलो राज्यात २६ वसाहती निसटल्या, त्यांचे नर आभाळात पसरले आणि १९९० पर्यंत त्यांची तापट संतती टेक्सासला पोचली. माणसे मेली, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. मात्र ब्राझीलचा मध-व्यवसाय आज याच माशीवर उभा आहे, आणि व्हरोआची तिला फारशी पर्वा नाही.

तीच माशी १९९४ मध्ये पोर्तो रिको बेटावर पोचली आणि दोनेक दशकांच्या आतच तिथे ती शांत झाल्याचे संशोधकांनी नोंदवले. दाट वस्तीचे लहान बेट, माणसे तापट मोहोळे जाळणारी, बाहेरून नवे तापट रक्त येण्याची वाट बंद. हे कोणी ठरवून केले नव्हते.

सह्याद्रीतली सातेरी

आपल्याकडे हा प्रश्न दोन माश्यांच्या रूपाने उभा आहे. मेलिफेराला भारतात धड बसवण्याचे काम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कांगड्यातल्या नगरोटा बगवाँ इथे, अत्वाल आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून झाले. त्याआधीचे प्रयत्न फसले होते. आज उत्तरेतल्या मोहरीपासून आपल्याकडच्या सूर्यफूल आणि कांद्याच्या बियाण्याच्या शेतापर्यंत हिच्या पेट्या ट्रकने फिरतात. वर्षाला पेटीमागे पंचवीस-तीस किलो किंवा जास्त मध, सातेरीचा पाच-दहा किलो. हिशेब उघड आहे. पण मेलिफेराचे हे उत्पन्न ट्रक, साखरेचा पाक आणि औषधांसह येते. या देशाच्या रानात तिची आपोआप टिकून राहिलेली मोहोळे क्वचितच आढळतात.

सातेरी, म्हणजे एपिस सेराना इंडिका, महाबळेश्वरच्या डोंगरात राहते, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने बाहेर पडायची सोय नाही. तिने अंडी आवरून, लहान होऊन ते दिवस काढायचे आणि जांभूळ फुलते तेव्हा भरात असायचे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा पावसाच्या सरत्या काळात फुलते, तेव्हा अचानक आलेली सुगीही पकडायची. युरोपातल्या कुठल्याही माशीच्या रक्तात हे पंचांग नाही. सातेरीचे दोष मधपाळांना तोंडपाठ आहेत: थवे फार सोडते, चारा संपला किंवा मेणकिडा लागला की पेटी सोडून निघून जाते. पण घर सोडून जाणे हा पेटीवाल्याच्या दृष्टीने दोष. रानातल्या मोहोळाला त्यानेच हजारो वर्षे वाचवले आहे.

शत्रूंच्या बाबतीतही तसेच. जपानमधली सेराना राक्षसी गांधीलमाशी आत शिरली की शेकडोंनी तिच्याभोवती गोळा होऊन अंग थरथरवते आणि गोळ्याच्या आतले तापमान ४६-४७ अंशांपर्यंत नेते. गांधीलमाशी भाजून मरते, सेराना त्याहून दोन-तीन अंश जास्त सोसते. मेलिफेराला ही विद्या नीट येत नाही, आणि त्या गांधीलमाश्या तिच्या पेट्या काही तासांत फस्त करतात. आपल्या सेरानाही गांधीलमाश्यांना असेच घेरतात.

सेरानाही एकजिनसी नाही. काश्मीरची माशी मोठी, वसाहत मोठी, बर्फाळ हिवाळ्यासाठी साठा करणारी. दक्षिणेकडे येऊ तशी ती लहान होत जाते आणि पोळ्याची घरेही. म्हणून तर फादर न्यूटन यांनी १९१० च्या सुमारास तिरुचिरापल्लीकडे तिच्यासाठी लहान पेटी बनवली. जास्त मध देते म्हणून काश्मीरची राणी कोकणात आणायचा विचार अधूनमधून कोणाच्या तरी डोक्यात येतो. लांदचा प्रयोग वाचला तर तो तिथेच थांबेल.

सातेरीची निवड निसर्गाने एकदा फार क्रूरपणे करून दाखवली. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सेरानाच्या अळ्या पिशवीसारख्या फुगवून मारल्या. केरळात बहुतेक पेट्या ओस पडल्या. त्यानंतरचे तिथले सातेरीपालन वाचलेल्या मोजक्या वसाहती आणि रानातली मोहोळे यांच्यापासून पुन्हा उभे राहिले. रानात मोहोळे नसती तर नव्याने सुरुवात कशापासून करायची, हा प्रश्न होता.

सातेरीत निवड करायची तर

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९६२ पासून, आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयाने त्याआधीपासून, माणसे शिकवण्याचे काम केले आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पर्यटनासाठी हे चांगलेच, पण पैदासीच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे. घरोघर सातेरीच्या पेट्या असलेले गाव, भोवती जंगल. नरांच्या गर्दीवर थोडाफार प्रभाव पाडण्याची संधी अशाच ठिकाणी असते.

अशा गावाने निवड करायची ठरवली तर पहिली गोष्ट नोंदवहीची. कोणत्या पेटीने पावसाळ्यात घर सोडले नाही, कोणती श्रावणात किती पोळ्यांवर होती, किती वेळा थवा सोडला, मध किती, स्वभाव कसा. तुलना एकाच जागेवरच्या, एकाच हंगामातल्या पेट्यांचीच करायची. ओढ्याकाठच्या पेटीने माळावरच्या पेटीपेक्षा दुप्पट मध दिला, तर श्रेय ओढ्याला असण्याचीच शक्यता जास्त. स्वच्छतेची सवय तपासायला द्रवरूप नायट्रोजन लागत नाही. झाकलेल्या शंभर घरांतले कोष बारीक पिनेने मारायचे आणि दुसऱ्या दिवशी किती उपसले ते मोजायचे.

दुसरे, राणी-माता एक-दोन नकोत. गावातल्या निरनिराळ्या घरांतल्या पंधरा-वीस चांगल्या वसाहती धराव्यात आणि वाईटातल्या वाईट तेवढ्या दरवर्षी बदलाव्यात. सर्वोत्तमाच्या मागे धावण्यापेक्षा निकृष्ट काढत जाणे हळू असते, पण पोळ्यात भोके पडत नाहीत. रानातली मोहोळे जाळून मध काढणे थांबवणे हाही याच कामाचा भाग, कारण गावातल्या अर्ध्या राण्यांचे जावई तिथूनच येतात.

आणि तिसरे, वेळेचे गणित. मेलिफेरात राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर येते आणि आठवड्याभरात उडते. नराला बाहेर यायलाच २४ दिवस लागतात आणि मीलनाला तयार व्हायला आणखी बारा-पंधरा. सातेरीत एखाद-दोन दिवसांचा फरक पडेल, हिशेब तोच. म्हणजे ज्या दिवशी राण्यांसाठी कोवळ्या अळ्या कलम करायच्या, म्हणजे राणीच्या घरांत हलवायच्या, त्याच्या किमान अडीच-तीन आठवडे आधी निवडक वसाहतींत नरांची घरे अंड्यांनी भरलेली हवीत. त्या घरांवर सुरी चालवायची नाही, आणि हे शेजारच्या वाडीतही सांगून ठेवायचे.